वरोऱ्याची खाण

लखनौहून चेन्नईला जाणारी आगगाडी नागपूर सोडल्यावर सेवाग्राम व हिंगणघाट मागे टाकते आणि चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा स्थानकावरून पुढे बल्लारपूरकडे जाते. उत्तर व दक्षिण भारताला जोडणाऱ्या या मार्गाचा वर्धा ते वरोरा हा भाग मुख्यतः कोळशासाठी बांधला गेला होता. कित्येक वर्षे रूळ वरोऱ्यालाच संपत असत.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोहोचला. इंजिनांना कोळसा हवा होता, आणि बंगालच्या खाणी दूर होत्या. मुंबई बंदरात तर थेट ब्रिटनमधील वेल्स प्रांताचा कोळसा जहाजांतून येत असे. अशा वेळी वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा सापडणे ही सरकारच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. 1871 पासून वरोऱ्यास सरकारी खाण सुरू झाली व त्याच दशकात तेथवर लोहमार्ग आला.

भूमिगत खाणीत कोळसा सरसकट काढता येत नाही. छत कोसळू नये म्हणून कोळशाचेच जाड खांब जागोजाग राखावे लागतात. आत झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते. या खोऱ्यातील कोळशाचा आणखी एक दुर्गुण असा, की हवा लागून तो आपोआप तापतो व पेट घेतो. अशा जागी माणसे रोज उतरत होती. जुन्या सरकारी कागदपत्रांत किती टन कोळसा निघाला याची नोंद सापडते. तो कोणी काढला, हे मात्र त्यावरून कळत नाही.

सुमारे पस्तीस वर्षांनी, 1906 मध्ये, ही खाण बंद झाली. वाजवी खर्चात काढता येईल असा कोळसा सरत आला होता, आणि दक्षिणेस बल्लारपूरला सरकारने नवी खाण उघडली होती. कुशल खाणकामगार अशा वेळी खाणीच्या मागोमाग जातो, नाहीतर मिळेल त्या मजुरीला लागतो.

वेल्समध्ये असे प्रसंग पुढे फार मोठ्या प्रमाणावर आले. तेथील ऱ्हॉन्डा खोऱ्यात डोंगरउतारावर घरांच्या लांबच लांब रांगा आहेत. घरे, दुकाने, कामगारांनी मजुरीतून वर्गणी काढून उभारलेली वाचनालये, हे सारे कोळशाच्या आधारावर चालत होते. त्या खोऱ्यातील शेवटची खोल खाण 1990 साली बंद झाली. जवळच असलेली टॉवर नावाची खाण 1994 मध्ये बंद केली गेली, तेव्हा दोनशेहून अधिक कामगारांनी प्रत्येकी आठ हजार पौंड घालून ती विकत घेतली आणि 2008 पर्यंत, म्हणजे तिच्यातील कोळसा संपेपर्यंत, चालवली. ही जिद्द विलक्षणच. तरीही खोऱ्यातील बहुतेक गावांना दुसरा तेवढा मोठा रोजगार मिळाला नाही.

वरोरा मात्र तगले, कारण गावाभोवती काळी जमीन होती. कोळसा नेण्यासाठी आलेल्या गाड्या कापूसही नेऊ लागल्या होत्या. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले होते. खाण गेली, तरी बाजार राहिला. लोहमार्ग बल्लारपूरपर्यंत वाढला आणि 1929 साली तो दक्षिणेकडील काझीपेठशी जोडला गेल्यावर दिल्ली-मद्रास हा थेट मार्ग तयार झाला. एका खाणीसाठी टाकलेला फाटा अशा रीतीने देशाचा राजमार्ग बनला. आज वरोऱ्याचे नाव घेतले की खाण कोणाला आठवत नाही. आठवते ते बाबा आमटे यांनी गावाबाहेरच्या खडकाळ माळावर कुष्ठरुग्णांसह उभे केलेले आनंदवन.

वर्धा खोऱ्यातील कोळसा मात्र संपलेला नाही. वरोरा व भद्रावतीच्या परिसरात आजही खाणी आहेत. त्यांतील बऱ्याच खाणी उघड्या आहेत, म्हणजे वरची माती व खडक बाजूला सारून कोळसा काढला जातो. जुन्या खाणीत माणूस जमिनीखाली उतरे आणि वर शेत तसेच राही. उघड्या खाणीत आधी शेत जाते, आणि खाण बंद पडलेल्या वरोऱ्याला सावरणारा कापूस अशाच शेतांत पिकला होता.