उन्हाळ्याला वरच्यावर अडवा!

बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, ही ओळख जुनी आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 750 मीटर, वर संध्याकाळचा गार वारा. पण बेळगावजवळच्या आपल्या हिंडलग्यात कौलांच्या जागी स्लॅब आणि पत्रे आले, तशी एप्रिल-मेच्या दुपारी घरं तापू लागली. एसी घेण्याआधी छताकडे बघा. घरच्या घरी बरंच काही करता येतं!

कोंडलेली हवा, पक्की राखण
उष्णता अडवण्यात अडकून पडलेली हवा फार तरबेज. थर्माकोलमध्ये साधारण 98 टक्के हवाच असते. म्हणूनच त्याचा एक इंचाचा थर जवळपास दीड फुटी विटेच्या भिंतीइतकी उष्णता रोखतो.

कौलं आणि माळा
मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात काढला. आपल्या भागात नाव खानापूरच्या कौलांचं. कौलांच्या फटींतून तापलेली हवा निसटते आणि माळ्यावरच्या हवेमुळे खालची खोली गार राहते. तुमचा माळा अजून शाबूत असेल तर तो काढू नका.

बासमतीचं तूस
बेळगाव बासमतीचा भात गिरणीत सडला की उरतं ते तूस. त्यात वजनाच्या 15 ते 20 टक्के सिलिका असते, त्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि भडकतही नाही. खडखडीत वाळवलेलं तूस पोत्यांत भरून माळ्यावर अंथरलं की स्वस्तात आच्छादन तयार. पत्र्यावरच्या पावसाचा आवाजही कमी होतो. मात्र तूस धुमसत राहू शकतं, म्हणून चूल, धुराडं आणि वायरिंगपासून पोती लांब ठेवा. गळकं छप्पर आधी दुरुस्त करून घ्या.

भुशात टिकलेला बर्फ
1833 मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून बर्फ घेऊन निघालं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडलं, तरी सुमारे 100 टन बर्फ कलकत्त्याला पोचला. बर्फाभोवती होता लाकडाचा भुसा आणि गवत, म्हणजे पुन्हा कोंडलेली हवाच!

चुन्याचा हात
स्लॅबवर दिलेला नवा पांढराशुभ्र थर उन्हाचा 70 ते 80 टक्के भाग परत पाठवतो. आधी शेवाळ खरवडून गच्ची धुवा. चुना रात्रभर भिजवा. तो भिजताना उकळतो, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. गाळून दोन हात द्या. आपला पाऊस चुना धुऊन नेतो, तेव्हा हे काम दर वर्षी होळीच्या सुमारास करावं.

फॉइलची एक अट
पत्र्याखाली लावायचं चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल किरणांवाटे येणारी सुमारे 95 टक्के उष्णता परतवतं. पण फॉइल आणि पत्रा यांच्यात इंचभर हवेची जागा हवीच. पत्र्याला चिकटवलंत तर सगळा फायदा गेला.

दोडक्याचा वेल
एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. वेलाची पानं दिवसभर हेच करतात. पश्चिमेच्या भिंतीपासून थोडा लांब मांडव घाला, वर दोडका नाहीतर कारली चढवा. सावली मिळेल, भाजीही मिळेल.

इथे जपून
जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते घासू नका, त्यांना भोकं पाडू नका. त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. थर्माकोल उघडा ठेवू नका, तो पटकन पेट घेतो. त्यावर जिप्सम बोर्ड किंवा प्लास्टर हवंच. पत्र्यावर चढताना फळी टाकूनच पाऊल ठेवा.

सगळं एकदम करायची गरज नाही. एकमजली घरात सर्वांत जास्त उष्णता छतातूनच आत येते, म्हणून सुरुवात तिथूनच करा. पहिला खर्च चुन्याचा, मग हवेचा थर, आणि एसीचा विचार त्यानंतर!