पहिल्या टप्प्यांत थांबायचं कुठे?

लांबच्या पायी सहलीला निघालेले बहुतेकजण पहिल्याच दिवशी जास्तीत जास्त अंतर कापायला बघतात. वारीचं वेळापत्रक याच्या उलट आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्यात येते आणि भवानी पेठेत दोन रात्री थांबते. मग हडपसर, दिवे घाट, सासवड असा सुमारे ३० किलोमीटरचा दमछाक करणारा टप्पा. आणि सासवडला पुन्हा दोन मुक्काम. कोणी म्हणेल, हे मुक्काम दर्शनासाठी, सोपानदेवांच्या समाधीसाठी, पायांसाठी नव्हेत. खरंय, पण टाचेवरच्या फोडाला मुक्कामाच्या कारणाशी काय देणंघेणं? बुटाची चावरी शिवण, खांद्यात रुतणारा पट्टा हे सगळं पहिल्या दोन दिवसांतच कळतं आणि ते निस्तरायला मोकळा दिवस लागतो. शिवाय दिंडीतल्यांचं जड सामान ट्रकमधून पुढे जातं; पाठीवर दहा किलो घेणाऱ्याने तर टप्पा आणखी आखूडच ठेवावा. रजा मोजकी असते, हा आक्षेप मात्र रास्त. त्यावर पुणेकरांपुरती तोड आहे: एका रविवारी सासवडपर्यंत चालायचं, बसने स्वारगेटला परतायचं आणि उरलेली वाट पाय बरे झाल्यावर सासवडहूनच धरायची.