तटाच्या आतली तीन गावं

आपल्याकडून स्पेनला जाणारी मंडळी बहुतेक माद्रिद, बार्सिलोना आणि ग्रॅनडा करून परततात. आम्ही दोघांनी निवृत्तीनंतरच्या सवडीत वेगळा बेत आखला. नवरा स्थापत्य अभियंता, मी इतिहासाची शिक्षिका. दोघांनाही एकच प्रश्न पडला होता. तोफा आल्या आणि गावाभोवतीचे तट लढाईच्या दृष्टीने निकामी झाले. 19व्या शतकात वाढत्या शहरांना ते अडचणीचेही वाटू लागले. बार्सिलोनाने 1854 पासून आपला तट पाडायला घेतला, इतर अनेक शहरांनीही तेच केलं. मग काही गावांचे तट शाबूत कसे राहिले? उत्तर शोधायला आम्ही तीन गावं निवडली आणि प्रत्येक ठिकाणी मुक्काम तटाच्या आतच केला.

कासेरेस : घरांत मुरलेला तट

पश्चिमेच्या एस्त्रेमादुरा प्रांतातल्या कासेरेसमध्ये तट घरांत इतका मुरलाय की आधी तो शोधावाच लागतो. रोमन पायावर 12व्या शतकात अल्मोहाद या मुस्लिम राजवटीने तो नव्याने उभा केला. दगडावर चोपून बसवलेली माती असं त्याचं बांधकाम. काही बुरूज तटापासून सुटे, पुढे काढलेले आहेत. शत्रू भिंतीला भिडला की बाजूने मारा करायला ते सोयीचे. 1229 मध्ये लिओनचा राजा नववा आल्फोन्सो याने गाव जिंकलं. पुढे सरदार घराण्यांनी आत वाडे बांधले, प्रत्येकाचा मनोरा शेजाऱ्यापेक्षा उंच. ही घराणी आपसात लढू लागली तेव्हा, 1470च्या दशकात, कास्तीलच्या इसाबेला राणीने मनोरे छाटायचा हुकूम काढला. तिच्या बाजूने लढलेल्या एका सरदाराचा मनोरा तेवढा वाचला. आज छाटलेल्या मनोऱ्यांच्या गर्दीत तो एकटा उंच दिसतो. वाड्यांच्या माथ्यांवर करकोचे काटक्यांची घरटी बांधतात आणि चोची वाजवत बसतात.

इथली एक गोष्ट नवऱ्याने मला हाताला धरून दाखवली. ‘एस्त्रेया’ नावाची वेस 18व्या शतकात नव्याने बांधली, ती मुद्दाम तिरकी. कमान एका बाजूला ताणल्यासारखी दिसते. “अगं, घोडागाडी वळायला जागा हवी ना!” तो म्हणाला. तट पाडण्याऐवजी गावाने वेसच वळवून घेतली. पुढे पुराणवस्तू संग्रहालयाच्या तळघरात अरबांच्या काळचं टाकं आहे. नालाच्या आकाराच्या कमानींखाली अजूनही पावसाचं पाणी साठतं.

शाकाहारी मंडळींची इथे चांगली सोय होते. जवळच्या एल कासार गावचं मेंढीच्या दुधाचं चीज काटेरी वनस्पतीच्या फुलांनी विरजतात. वरचा पापुद्रा कापला की आतला मऊ गर पावाने खायचा. ओकच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड हीही याच भागाची.

आविला : तटात मिसळलेलं देऊळ

आविला साधारण 1,130 मीटर उंचीवर वसलंय. मे महिन्यातही सकाळी स्वेटर लागतो. 11व्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला इथला तट सुमारे अडीच किलोमीटरचा आहे. त्याला नऊ वेशी आणि सत्त्याऐंशीच्या आसपास बुरूज. भिंत बारा मीटर उंच आणि तीन मीटर जाड. पूर्वेच्या बाजूला सपाटी असल्याने हल्ल्याची भीती जास्त, म्हणून तिथले बुरूज सर्वांत भक्कम. बांधकामाला जवळच्या रोमन दफनभूमीचे दगडही वापरले. रेखीव घडवलेला, कोरीव खुणांचा एखादा चिरा ओबडधोबड दगडांत लगेच ओळखू येतो. ते हुडकण्यात आमची एक सकाळ गेली.

कॅथीड्रलची गंमत त्याहून मोठी. त्याचा मागचा अर्धगोल भाग हाच तटाचा बुरूज. बाहेरून चर्या आणि मारगिरीची जागा, आतून प्रार्थनेची वेदी. आतल्या दगडात लोहाचे लालसर ओघळ आहेत. पांढऱ्यावर तांबडं, जणू भिंतीला हळदी-कुंकवातलं कुंकू सांडलंय.

संत तेरेसा इथलीच, जन्म 1515चा. 12 मार्च 1622 रोजी रोममध्ये तिला संतपद मिळालं, त्याच समारंभात फ्रान्सिस झेवियर यांनाही मिळालं. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात त्यांचा देह ठेवलेला आहे. तिच्या नावाने विकली जाणारी अंड्याच्या पिवळ्या बलकाची गोळ्यांसारखी मिठाई दुकानादुकानांत दिसते.

मध्ययुगात हा तट फक्त लढाईसाठी नव्हता. वेशीवर आत येणाऱ्या मालावर जकात घेत. साथ आली की वेशी बंद करून माणसं रोखत. लढाई संपली तरी जकात संपली नाही, म्हणून तटाची डागडुजी होत राहिली. त्यात 17व्या शतकानंतर गावाची भरभराट ओसरली. तट पाडून पसरावं इतकी वाढ इथे झाली नाही. 1884 मध्ये तटाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

लुगो : फांजीवरचा रस्ता

वायव्येला गालिसियातल्या लुगोचा तट तिघांत सर्वांत जुना. रोमनांनी 3ऱ्या शतकाच्या अखेरीस बांधलेला तट आजही पूर्ण वर्तुळाचा आहे. घेर दोन किलोमीटरहून थोडा जास्त, दगड ग्रॅनाइट आणि पाटीचा. फांजी, म्हणजे तटाच्या माथ्यावरची वाट, इतकी रुंद की चार-पाच माणसं शेजारी चालावीत. वर जायला तिकीट नाही. सकाळी पळणारे, दप्तरं घेतलेली मुलं, काठी टेकत निघालेले आजोबा, सगळे तटावरूनच जातात. दहा वेशींपैकी पाच 1853 नंतर उघडलेल्या. गाव बाहेर वाढलं तेव्हा तट न पाडता त्यात वाटा काढल्या. सान्तियागोच्या यात्रेचा सर्वांत जुना मार्ग याच गावातून जातो. पाठीवर ओझं घेतलेले यात्रेकरू सान पेद्रो वेशीतून आत येतात. तटाला बाहेरून चिकटून उभी राहिलेली घरं 1970च्या दशकात हटवली आणि सबंध भिंत मोकळी झाली. 2000 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तीन गावं, उत्तर एकच. कासेरेसने तट घरात घेतला, आविलाने देवळात आणि जकातीत, लुगोने रोजच्या वाटेत. जो उपयोगात राहिला, त्याची निगाही राहिली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. माद्रिदहून आविला रेल्वेने सुमारे दीड तासावर. कासेरेसलाही थेट गाडी आहे. लुगोसाठी प्रवासाचा अख्खा दिवस धरावा. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रात्रीचं जेवण नऊनंतर. गल्ल्या गोट्यांच्या, तेव्हा सामान हलकं असावं. आणि मुक्काम तटाच्या आत करावा, निदान दोन रात्री. दिवसाच्या सहलीच्या बसगाड्या संध्याकाळी निघून जातात. मग गावकरी फेरफटक्याला बाहेर पडतात आणि हे तट अजून कोणाच्या कामाचे आहेत, ते तेव्हा दिसतं.