दोन वर्षांचं संशोधन, हातात पाच मिनिटं आणि समोर परीक्षक. 'आविष्कार'ची तयारी नेमकी कशी करायची?

फ्लेक्सच्या दुकानातून पोस्टर आलेलं असतं. त्यावर विद्यापीठाचा लोगो असतो, रंगीत आलेख असतात, गाईडचं नाव असतं. परीक्षक येतात, पोस्टरवर एक नजर टाकतात आणि विचारतात, "बरं, तू नेमकं काय शोधलंस?"

आणि नेमकं इथंच अनेक जण अडखळतात. काम केलेलं असतं, गावोगावी फिरून माहिती गोळा केलेली असते, पण ती दोन वाक्यांत सांगायची कधी वेळच आलेली नसते. मग विद्यार्थी पोस्टरकडे वळून त्यावरचा मजकूर वाचायला लागतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या कॉलेजमध्ये, विद्यापीठाच्या उपपरिसरात किंवा इतर कुठेही पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. म्हणूनच ही तयारी कशी करायची, ते समजून घेऊया.

'आविष्कार' म्हणजे काय?

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांनी संशोधनाकडे वळावं, यासाठी २००६ मध्ये 'आविष्कार' हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव सुरू झाला. राज्यपाल हे राज्यातल्या विद्यापीठांचे कुलपती असतात आणि त्यांच्याच कार्यालयाच्या पुढाकारातून ही स्पर्धा उभी राहिली.

यात सहा विद्याशाखा असतात. मानव्यविद्या, भाषा व ललित कला, वाणिज्य, व्यवस्थापन व विधी, मूलभूत विज्ञान, शेती व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, आणि वैद्यकीय व औषधनिर्माण. पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडी करणाऱ्यांचे गट वेगवेगळे असतात. म्हणजे बीएस्सीच्या मुलाची स्पर्धा पीएचडीच्या विद्यार्थ्याशी नसते.

धाराशिव जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड हे त्यातले बाकीचे तीन जिल्हे. मुख्य परिसर छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे धाराशिवपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. विद्यापीठाचा एक उपपरिसर धाराशिव शहरातही आहे. खालच्या फेरीतून निवड झालेले विद्यार्थी विद्यापीठाच्या फेरीत जातात आणि तिथून राज्यस्तरावर.

मग तयारीला सुरुवात कुठून करायची?

बहुतेक जण पोस्टरपासून सुरुवात करतात. खरं तर पोस्टर सगळ्यात शेवटी करायला हवं. आधी कागदावर चार वाक्यं लिहायची. माझा प्रश्न काय होता? तो मी कसा तपासला? काय सापडलं? आणि त्याने कुणाला काय फरक पडतो?

एक उदाहरण घेऊ. भूम तालुक्यातला खवा प्रसिद्ध आहे. समजा, तिथल्याच एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीने खवाभट्ट्यांवर काम केलं. तिचा विषय कागदावर असा आहे : 'भूम तालुक्यातील खवा उद्योगातील इंधन वापराचा चिकित्सक अभ्यास'. आता हा झाला विषय. यात प्रश्न कुठे आहे?

प्रश्न असा हवा : 'एक किलो खवा करायला किती सरपण जळतं आणि भट्टीचं तोंड लहान केलं, तर ते कमी होतं का?'

आता ऐकणाऱ्याला चित्र दिसतं. मोठी कढई, आटत चाललेलं दूध, खाली ढणाढणा पेटलेली लाकडं. एक किलो खव्याला साधारण पाच लिटर दूध आटवावं लागतं, हे तिने एका वाक्यात सांगितलं की इंधनाचा प्रश्न का महत्त्वाचा, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पोस्टरवर किती मजकूर हवा?

वाटतो त्यापेक्षा बराच कमी. प्रबंधातली पानंच्या पानं पोस्टरवर चिकटवली, की ती कुणीच वाचत नाही. परीक्षकांना एका दिवसात अनेक पोस्टर पाहायची असतात.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या माइक मॉरिसन या विद्यार्थ्याने याच अडचणीवर एक व्हिडिओ केला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. पोस्टरच्या मधोमध मुख्य निष्कर्ष मोठ्या अक्षरांत, सोप्या भाषेत लिहा आणि बाकीचा तपशील कडेला ठेवा. जगभरातल्या परिषदांमध्ये त्यानंतर तशी पोस्टर दिसू लागली.

स्पर्धेत पोस्टरचा आकार आणि मांडणी ठरवून दिलेली असू शकते. त्यामुळे त्या वर्षीचं परिपत्रक आधी वाचा, मगच डिझाइन करा. चौकट तीच ठेवूनही निष्कर्ष ठळक करता येतो.

छापण्याआधी एक सोपी चाचणी करा. पोस्टर भिंतीवर लावा किंवा स्क्रीनवर मोठं करा आणि पाच-सहा फुटांवर उभे राहा. तिथून आलेखावरची अक्षरं वाचता आली नाहीत, तर ती परीक्षकांनाही वाचता येणार नाहीत.

'७५ टक्के' म्हणायचं की '१२ पैकी ९'?

इथं खरी परीक्षा असते. समजा, त्या विद्यार्थिनीने १२ भट्ट्यांवर मोजमाप केलं आणि ९ ठिकाणी सरपण कमी लागलं. पोस्टरवर '७५ टक्के भट्ट्यांमध्ये इंधनाची बचत' असं लिहिलं, की ते भारदस्त दिसतं. पण वाचणाऱ्याला वाटतं, शेकडो भट्ट्या पाहिल्या असतील.

परीक्षक पुढचाच प्रश्न विचारतात, "किती भट्ट्या पाहिल्या?" उत्तर '१२' आलं, की आधीचं सगळं संशयात सापडतं. त्यापेक्षा आधीच '१२ पैकी ९' लिहावं. आकडा लहान असला, तरी तो खरा असतो आणि त्यावर ठामपणे बोलता येतं.

उरलेल्या ३ भट्ट्यांचं काय झालं, हेही सांगायला हवं. कदाचित तिथं लाकूड ओलं असेल. कदाचित कढई वेगळ्या मापाची असेल. अनेक विद्यार्थी असे 'न जमलेले' निकाल लपवतात. पण ते का जमलं नाही, हा विचार केलाय, हे दिसलं की काम स्वतः केलंय, हेही परीक्षकांच्या लक्षात येतं.

'यामुळे जिल्ह्यातला सरपणाचा प्रश्न सुटेल' अशी वाक्यं मात्र टाळावीत. १२ भट्ट्यांवरून जेवढं म्हणता येतं, तेवढंच म्हणावं.

बोलायला किती वेळ मिळतो?

वेळ आयोजक ठरवतात, पण तो मोजून काही मिनिटांचाच असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये 'थ्री मिनिट थिसिस' नावाची स्पर्धा सुरू केली. पीएचडीचं अख्खं काम तीन मिनिटांत आणि एकाच स्लाइडवर मांडायचं, असा तिचा नियम. ८० हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील, असा हिशेब त्यामागे सांगितला जातो.

वेळ कितीही असो, घड्याळ लावून उभं राहून बोलायचा सराव करा. मनातल्या मनात केलेला सराव नेहमी वेळेत बसतो, तोंडाने बोलल्यावर बसत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं, की आपण कुठे अडखळतो, ते लगेच कळतं.

पाठांतर मात्र नको. पाठ केलेलं भाषण मधेच कुणी प्रश्न विचारला, की तुटतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा, मधले फक्त मुद्दे लक्षात ठेवा.

इंग्रजी जमत नसेल तर?

ही भीती खूप जणांना असते. माहिती मराठीत गोळा केलेली, मुलाखती मराठीत, विचारही मराठीत आणि पोस्टर मात्र इंग्रजीत. विज्ञान शाखेत हे तर हमखास होतं.

कोणत्या भाषेत मांडता येईल, ते आयोजकांना आधीच विचारून घ्या. इंग्रजीतच मांडायचं असेल, तर ती चार वाक्यं आधी मराठीत पक्की करा आणि मग लहान-लहान इंग्रजी वाक्यांत आणा. एखादा प्रश्न समजला नाही, तर 'पुन्हा विचाराल का?' असं म्हणण्यात काहीच गैर नाही. न समजता दिलेलं उत्तर जास्त महागात पडतं.

आणि पोस्टरवर ज्या शब्दाचा अर्थ स्वतःला सांगता येत नाही, तो शब्द काढून टाका. कारण प्रश्न हमखास त्यावरच येतो.

परीक्षक काय विचारू शकतात?

प्रश्न बहुधा ठरलेल्या दिशेने येतात. हाच विषय का? याआधी यावर कुणी काम केलंय का? नमुना कसा निवडला? हीच पद्धत का वापरली? यात तुझं स्वतःचं काम कोणतं आणि गाईडचं किंवा प्रयोगशाळेचं कोणतं? आणखी सहा महिने मिळाले, तर काय करशील?

आधीच्या कामाचा शोध घ्यायला 'शोधगंगा' उपयोगी पडते. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथं मोफत वाचता येतात. आपल्या विषयाजवळचे दोन-तीन प्रबंध चाळले, तरी 'यात नवीन काय?' या प्रश्नाचं उत्तर तयार होतं.

उत्तर येत नसेल, तर 'हे मी तपासलेलं नाही' असं सरळ सांगावं. त्यापुढे 'पण ते असं तपासता येईल' हे जोडता आलं, तर उत्तमच.

आदल्या आठवड्यात काय करावं?

वर्गातल्या मित्रांसमोर एकदा मांडणी करा. दुसऱ्या विभागातल्या कुणालातरी बोलावून त्याला प्रश्न विचारायला सांगा. पोस्टरची फाइल पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवरही ठेवा. कच्च्या नोंदींची वही सोबत न्या. आकड्यावर शंका आली, तर ती उघडून दाखवता येते.

शेवटची तालीम मात्र कॉलेजात नाही, तर जिथून माहिती घेतली, तिथं करावी. त्या विद्यार्थिनीने पोस्टर घेऊन भट्टीवर जावं आणि भट्टीवाल्या काकांना आपल्याला काय सापडलं, ते सांगावं. "अगं, पण पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, तेव्हा मोजलंस का?" असं ते विचारतील.

हाच प्रश्न परीक्षकही विचारू शकतात. फरक एवढाच, की काकांनी तो आधी विचारला, तर पोस्टरमध्ये एक ओळ वाढवायला अजून वेळ असतो.