रिपोर्ट कुणाचा? ज्याचा आजार, त्याचा!

जुलै २०२४ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातला एक व्हिडिओ मुंबईभर फिरला. खाण्याच्या कागदी बशा आणि त्या बशांवर रुग्णांची नावे! हे रुग्णांचे अहवाल नाहीत, सीटी स्कॅनची जुनी पाकिटे रद्दीत दिली होती, त्यांच्या या बशा झाल्या, असा खुलासा प्रशासनाने केला. सहा कर्मचाऱ्यांना नोटिसा गेल्या आणि विषय मागे पडला. पण ज्यांची नावे त्या बशांवर होती, त्यांना कुणी विचारले होते का?

आजाराची गोष्ट गुप्त ठेवणे हे मोठ्या लोकांचे लाड आहेत, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. खरे तर त्याची गरज आपल्याला जास्त आहे. वस्तीत दोन घरांमध्ये एकच भिंत. टीबी झाल्याचे कळले की घरमालक खोली सोडायला सांगतो. एचआयव्हीचा नुसता संशय आला की काम जाते. मुलीने मानसोपचार घेतले की ठरलेले स्थळ फिरते. या भीतीने माणूस दवाखाना टाळतो, औषध अर्धवट सोडतो. टीबीचे औषध अर्धवट सोडले तर त्या औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. म्हणजे फुटलेली बातमी माणसाच्या जिवावर येते.

कायदा आपल्या बाजूने आहे

मुंबईतल्याच एका मजुराने ही लढाई लढली. सरकारी महामंडळात तो हंगामी कामगार होता. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला. अंगात काम करण्याची ताकद होती, तरी त्याला कामावरून दूर केले. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला, पण स्वतःचे नाव न सांगता. न्यायालयाने ते मान्य केले. म्हणून आजही तो खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ याच नावाने ओळखला जातो. १९९७ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला: माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याचे काम काढता येणार नाही. नाव झाकलेले राहिले आणि हक्कही मिळाला.

त्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा संविधानाच्या कलम २१ मधला मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्याच वर्षी झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करता येत नाही. मानसिक आरोग्य कायद्यातही रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर पोलिसांना कळवताना तिची ओळख न देण्याची सूट सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिली आहे. त्यासाठी मुलीने आणि पालकाने तशी विनंती करावी लागते.

काही वेळा माहिती द्यावीच लागते

टीबीची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे. न्यायाधीशाने आदेश दिला, किंवा ठरावीक माणसाच्या जिवाला गंभीर धोका असेल, तरीही डॉक्टर माहिती देऊ शकतो. टीबीच्या नोंदीला घाबरू नका. ती नोंद उपचारासाठी असते, गल्लीत सांगण्यासाठी नसते. नोंद झाल्यावर पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात. तपासायला घरी येणाऱ्या ताईंना सांगा, “दारात मोठ्याने नाव घेऊ नका, आत येऊन बोला.” त्यांनाही ते पटते.

बिल भरले म्हणून रिपोर्ट मिळत नाही

पवईत हा प्रश्न आणखी एका वाटेने येतो. आपल्या कितीतरी मावश्या, ताया टॉवरमध्ये घरकाम करतात, भाऊ सिक्युरिटीत किंवा हाउसकीपिंगमध्ये आहेत. आजारपणात मॅडम चांगल्या मनाने पैसे देतात आणि मग डॉक्टरला फोन करून विचारतात, “हिला नेमके काय झाले आहे?” एजन्सीवालेही परस्पर रिपोर्ट मागवतात. मदतीबद्दल आभार जरूर माना. पण बिल कुणीही भरले तरी आजाराची माहिती रुग्णाचीच असते. तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना सांगा, “मला विचारल्याशिवाय कुणाला सांगू नका.” कामावर दाखवायला ‘काम करण्यास योग्य’ किंवा ‘इतके दिवस विश्रांती’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र मागा.

रुग्णालयात गेल्यावर

– लॅबमध्ये मोबाइल नंबर स्वतःचा द्या. रिपोर्ट त्याच नंबरवर येतो.
– तपासणीच्या वेळी खोलीत दुसरे रुग्ण असतील तर पडदा लावायला सांगा. स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करत असेल तर सोबत बाई असावी, हा हक्क आहे.
– खाटेवर किंवा फाइलवर सर्वांना दिसेल असा आजाराचा शिक्का, चिठ्ठी लावली असेल तर ती काढायला सांगा.
– फोटो किंवा व्हिडिओ कुणी काढत असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. नको असेल तर नाही म्हणा.
– आपल्या उपचाराची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत मिळाली पाहिजेत.
– जुने केस पेपर रद्दीत टाकण्याआधी नावाचा भाग फाडून टाका.

खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली असली पाहिजे. माहिती फुटली तर आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, तर खासगी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना, म्हणजे त्यातल्या बौद्धांनाही, तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि आपले काय?

रुग्णालयाला जाब विचारताना आपल्या गल्लीकडेही पाहूया. बातम्या फक्त दवाखान्यातून फुटत नाहीत. त्या नळावर फुटतात, बचतगटाच्या बैठकीत फुटतात. मदतीसाठी आवाहन करताना आपण रुग्णाचा फोटो आणि सगळे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर टाकतो. हेतू चांगला असतो, पण आजार बरा झाल्यावरही तो फोटो फिरतच राहतो. पैसे गोळा करायचे तर “आपल्या वस्तीतल्या एका कुटुंबाला उपचारासाठी गरज आहे” एवढे पुरते. खात्री करून घ्यायला दोघातिघांनी कागद पाहावेत. चहाडी टाळणे हे सम्यक वाचेतच येते.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या, हा लेख वाचून दाखवा. शेजारी आजारी पडला तर “काय झालंय?” असे विचारण्याऐवजी “काही आणून देऊ का?” असे विचारूया. आजार सांगायचा की नाही, ते त्याला ठरवू द्या.