पहिला पाऊस, शेवटचा पाऊस

मुदखेडच्या शिवारात पावसाचा हिशेब दोनदा मांडावा लागतो. मृगाचा पाऊस पेरणीसाठी आणि परतीचा रब्बीच्या ओलीसाठी. परतीचा आलाच नाही तर हरभरा-ज्वारीचे रान कोरडे राहते. नको त्या वेळी आला तर काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटतात. बायबलमधल्या योएल संदेष्ट्याने देवाच्या कृपेसाठी हाच दाखला घेतला आहे. त्याच्या मुलखात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीच्या तोंडावर पडतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, गहू-जवाचे दाणे भरताना. कोरडवाहू शेतकऱ्याला हा दाखला फोड करून सांगावा लागत नाही. जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत मात्र असल्या वचनांवरून शतकानुशतके वाद चालू आहे: शेवटच्या काळाची भाकिते घडून गेली, की अजून घडायची आहेत?

या वादाचा एक धागा पुणे जिल्ह्यातल्या केडगावातून जातो.

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जानेवारीपासून मुलींचे प्रार्थनेचे गट जमू लागले. सुरुवातीला सत्तरएक मुली होत्या, जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. 29 जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. शेजारी झोपलेल्या दुसरीला ती खरोखरच पेटलेली दिसली, आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. पाणी ओतणार, तोच तिच्या लक्षात आले की मुलगी जळत नाहीये. पुढे कित्येक दिवस मुली रडत होत्या, पापांची कबुली देत होत्या, मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या. यातल्या बऱ्याच जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध पेंटेकॉस्टल चळवळ सुरू व्हायला तेव्हा आणखी नऊ-दहा महिने अवकाश होता.

त्या पिढीच्या पेंटेकॉस्टल लोकांनी अशा घटनांचा अर्थ योएलच्या शब्दांत लावला. येशूनंतर यरुशलेमेत शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, तो पहिला पाऊस. आता जगाची सुगी जवळ आली आहे, म्हणून हा शेवटचा. गंमत नव्हे, गंभीर अडचण अशी की 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्र स्वतः उभा राहून लोकांना सांगतो, योएल जे बोलला ते आज तुमच्या डोळ्यांदेखत घडत आहे. मग भाकीत त्याच दिवशी पुरे झाले की नाही? पुरे झाले असेल तर केडगावात काय घडले?

हीच गाठ मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या चोविसाव्या अध्यायात अधिक घट्ट बसली आहे. शिष्य यरुशलेमच्या मंदिराच्या भव्य बांधकामाकडे बोट दाखवतात, तेव्हा येशू म्हणतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. जैतुनाच्या डोंगरावर ते विचारतात, हे कधी होईल? उत्तरात युद्धे येतात, दुष्काळ येतात, सूर्य काळवंडतो, मनुष्याचा पुत्र मेघांवर दिसतो. आणि शेवटी तो ठामपणे सांगतो की ही पिढी सरण्याआधी हे सगळे होईल. सगळा वाद त्या 'पिढी' शब्दापाशी येऊन थांबतो. ऐकणारी माणसे येशूसमोर बसली होती. पिढी म्हणजे ढोबळमानाने चाळीस वर्षे धरली, तर साधारण इ.स. 30 पासून मोजता येते 70 हे साल.

आणि 70 साली रोमन सेनापती टायटसने यरुशलेम खरोखरच उद्ध्वस्त केले. मंदिर जळाले. तिथून लुटलेला सात फांद्यांचा दीपवृक्ष खांद्यावर घेऊन चाललेले सैनिक रोममधल्या टायटसच्या कमानीवर आजही कोरलेले दिसतात. मंदिराच्या पश्चिम भिंतीच्या पायथ्याशी वरून ढकललेल्या चिरेबंदी दगडांचा ढीग उत्खननात सापडला आहे. त्यांच्या आघाताने खालच्या रस्त्याच्या फरशा खचल्या आहेत.

या विध्वंसाची आठवण मराठी घरांतही पाळली जाते, हे फार थोड्यांना माहीत असते. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजात, ज्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत, मंदिरनाशाच्या उपवासाच्या दिवसाला 'बिरड्याचा सण' असे नाव आहे. वालाला मोड आणून, सोलून केलेले बिरडे त्यानिमित्त खायचे. ख्रिस्ती पंडित ज्या घटनेवरून ग्रंथ लिहितात, तिचा शोक अलिबाग-रेवदंड्याकडच्या घरांत वालाच्या बिरड्याने पाळला गेला.

भाकिते घडून गेली असे मानणाऱ्यांना प्रेटरिस्ट म्हणतात. त्यांचे म्हणणे असे, की सूर्य काळवंडणे ही संदेष्ट्यांची ठरलेली बोली आहे. यशयाने बाबेलच्या पाडावासाठी तीच वापरली होती आणि तेव्हा आकाशातला सूर्य काही विझला नव्हता. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियसही यरुशलेमचा वेढा म्हणजे येशूच्या शब्दांची पूर्तता असे लिहितो. बायबलमधल्या 'प्रकटीकरण' या पुस्तकातला 666 हा आकडा 'नीरो कैसर' या नावाच्या हिब्रू अक्षरांची बेरीज आहे, हाही त्यांचा आवडता पुरावा. बेरीज बरोबर येते: 'नरोन'चे 306, 'कसर'चे 360. काही जुन्या हस्तलिखितांत 616 आढळते, आणि नावातला शेवटचा 'न' गाळला की नेमके पन्नास कमी होतात. मात्र इरेनियस या दुसऱ्या शतकातल्या बिशपने प्रकटीकरण हे पुस्तक रोमन सम्राट डोमिशियनच्या राजवटीत, म्हणजे 95 च्या आसपास लिहिल्याचे सांगितले आहे. ते खरे असेल, तर 70 साल आधीच उलटून गेलेले.

मतांची पद्धतशीर मांडणी सोळाव्या-सतराव्या शतकात झाली आणि दोन्ही टोकांना स्पेनचे जेझुइट होते. ख्रिस्तविरोधक भविष्यात यायचा आहे असे रिबेराने 1590 च्या सुमारास मांडले. प्रकटीकरणाचा बराचसा भाग जुन्या काळातच पुरा झाला असे अल्काझारने. अल्काझारचा ग्रंथ 1614 साली छापून निघाला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच संघातल्या फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राचोलला छापले गेले.

इंग्लंडमधल्या जेम्स स्टुअर्ट रसेल यांनी 1878 मध्ये 'द परूसिया' या पुस्तकात प्रेटरिस्टांची बाजू जवळपास टोकाला नेली: येशूचे दुसरे आगमनही 70 सालीच झाले. आजचे काही जण त्याच्याही पुढे जाऊन सांगतात की मृतांचे पुनरुत्थान, न्याय, सगळे उरकले. चर्चने हे कधी मान्य केले नाही. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त पुन्हा येईल, हे नायसियाच्या विश्वासांगीकारात आहे आणि उपासनेत ते आजही म्हटले जाते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही हुमनाय आणि फिलेत या दोघांना, पुनरुत्थान होऊन गेले असे शिकवतात म्हणून, फटकारले आहे. मंदिराच्या दगडांपुरता प्रेटरिस्टांचा युक्तिवाद भक्कम वाटतो. कबरींपर्यंत तो ताणला की ज्याचे आप्त मातीत आहेत त्या श्रद्धावंताच्या हाती काहीच उरत नाही.

दुसऱ्या टोकाला तारखा काढणारे आहेत, आणि त्यांनी माणसांचे नुकसान जास्त केले आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. काहींनी त्या भरवशावर उभी पिके कापलीच नाहीत. 1948 मध्ये इस्रायल राष्ट्र झाले तेव्हा भाकिताचे घड्याळ पुन्हा सुरू झाले असे अनेकांनी मानले. हॅल लिंडसे यांच्या 1970 च्या गाजलेल्या पुस्तकाने तीच चाळीस वर्षांची पिढी 1948 पासून मोजण्याची वाट दाखवली. 1988 आले आणि गेले.

ज्यांच्या इस्रायलमधल्या स्थलांतराकडे भाकिताचा पुरावा म्हणून बोट दाखवले जात होते, त्यांत कोकणातले बेने इस्रायलही होते. चेऊल-अलिबागकडची, मुंबईची ही माणसे दिमोना, अश्दोद, बेरशेबाला जाऊन राहिली. तिथे त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली, इतर यहुद्यांशी लग्ने लावायला धर्मगुरू तयार होईनात. आंदोलने झाली, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. भाकीत वाचणाऱ्यांच्या नकाशावर ही माणसे एक खूण होती. त्यांना मात्र मुलीचे लग्न लावायचे होते.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती 10.80 लाख, एक टक्क्याहून थोडे कमी होते. त्यांतल्या बहुतेक सामान्य माणसांची भूमिका या दोन टोकांच्या मधली आहे: काही घडले, काही घडायचे आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळात गोठ्यातले बाळ आणि पुन्हा येणारा न्यायाधीश या दोघांची वाट एकाच वेळी पाहिली जाते. पहिला पाऊस पडला म्हणून शेवटच्याची गरज संपत नाही, हे ज्यांच्या घरात अजून शेती आहे त्यांना सहज पटते.

केडगावची वार्ता दूरवर गेली. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी 1906 मध्ये पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याची एक प्रत चिलीतल्या वाल्पाराइसोला त्यांच्या मैत्रिणीकडे, मिसेस हूव्हर यांच्याकडे पोहोचली. तिथल्या मेथॉडिस्ट मंडळीत 1909 मध्ये जे पुनरुज्जीवन झाले त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली.

शेवटचा पाऊस पडतो आहे अशा दिवसांत रमाबाईंनी मात्र वर्षानुवर्षे चालणारे काम हाती धरले होते. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत आणायचे, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असे. त्या दोन्ही भाषा शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली. तरी प्रुफे तपासणे थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले. ते बायबल 1924 मध्ये छापून पुरे झाले.