चित्रसंकलनाचा संगणक : गरज किती, हौस किती?

"फादर, पोरगा दीड लाखाचे यंत्र मागतो आहे. उसाचे बिल आले की घेऊन देईन म्हणतो. पण त्या पेटीत एवढे आहे तरी काय, ते तुम्हीच सांगा." एका शेतकरी गृहस्थांनी मजपुढे हा प्रश्न टाकला. त्यांचा मुलगा लग्नसमारंभांची चित्रफीत घेतो आणि तिचे संकलन घरीच करू इच्छितो. त्यांना दिलेले उत्तर इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून येथे मांडीत आहे.

ह्या कामासाठी खास बांधलेले यंत्र नवे नव्हे. सीबीएस व मेमोरेक्स ह्या अमेरिकन कंपन्यांनी मिळून १९७१ साली 'सीएमएक्स ६००' हा संकलनाचा संगणक काढला. त्याची किंमत सुमारे अडीच लाख डॉलर होती, आणि एवढे मोजूनही त्याच्या पडद्यावर चित्र दिसे ते कृष्णधवलच! आज त्याहून किती तरी अधिक काम घरातील मेजावर होते. तथापि यंत्रावरचा भार हलका झालेला नाही.

तो भार किती, हे वाचकांनीच मोजून पाहावे. ज्याला 'फोर-के' म्हणतात, त्या चित्रात आडवे ३,८४० व उभे २,१६०, म्हणजे एकूण ८२,९४,४०० ठिपके असतात. दर सेकंदाला अशी पंचवीस चित्रे धरली, तर वीस कोटींहून अधिक ठिपके झाले! जागा वाचावी म्हणून कॅमेरा मधूनमधूनच पूर्ण चित्र साठवितो आणि बाकीच्यांत केवळ झालेला बदल टिपतो. चित्रफीत सरळ पाहताना याचा त्रास होत नाही. परंतु संकलक मागे-पुढे उड्या घेतो, आणि प्रत्येक उडीस संगणकाला आधीच्या चित्रांवरून नवे चित्र उभारावे लागते. यंत्र अडखळते ते येथे.

म्हणून अशा यंत्रात चार गोष्टी पाहाव्यात. प्रोसेसर हा मुख्य कारागीर. रॅम म्हणजे त्याचे मेज. ते लहान असेल तर सामान वारंवार उचलून ठेवावे लागते. सोळा जीबी रॅमवर काम भागते, बत्तीस असल्यास सुखाने होते. ग्राफिक्स कार्ड हजारो ठिपक्यांवर एकाच वेळी रंगसंस्कार करते. चौथी गोष्ट साठवणीची. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते. एनव्हीएमई जातीची एसएसडी कित्येक हजार. यास्तव चालू काम एसएसडीवर आणि पूर्ण झालेले हार्ड डिस्कवर ठेवावे. दुसरी प्रत मात्र अवश्य असावी. लग्न काही पुन्हा लागत नाही!

आता खर्चाविषयी. संकलन शिकण्यास महागडे यंत्र लागत नाही. 'शॉटकट' व 'केडेनलाइव्ह' हे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. दोहोंत 'प्रॉक्सी'ची सोय आहे : मोठ्या चित्रफितीची हलकी प्रत करून तिच्यावर कापाकापी करावयाची, आणि शेवटी यंत्र तेच संस्कार मूळ फितीवर करते. शेवटच्या कामास वेळ अधिक लागेल, परंतु ते रात्रभर चालू ठेवता येते. ज्या गावी वीज जाते, तेथे यूपीएस आधी घ्यावा. नवे यंत्र घेणेच झाले, तर लॅपटॉपपेक्षा मेजावरचा संगणक बरा. त्यात पुढे एकेक भाग वाढविता येतो.

हे ऐकून त्या गृहस्थांनी मुलाला विचारले, "तुझे जुने यंत्र नेमके कोठे अडते?" मुलाला सांगता येईना. त्याने काम करताना लक्ष ठेवले, तेव्हा रॅम व जुनी हार्ड डिस्क हीच अडचण निघाली. ते दोन भाग बदलले, आणि दीड लाखाची गोष्ट पुढच्या हंगामावर गेली. तोपर्यंत मुलाची कामे वाढली, तर तो खर्च त्याच्या स्वतःच्या कमाईतून होईल.